मिठाची जकात आणि खेळण्याची किंमत

१/ राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी; आजच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातली. शेजारच्या भोरमधून वरंधा घाट उतरला की महाड, म्हणजे कोकण. घाटमाथ्याला मीठ कोकणातून येई. त्यामुळे मिठाचा भाव हा राज्याच्या तिजोरीचाही प्रश्न होता.

२/ पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडू लागले. घाटावरचे व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वरचा मिठाचा व्यापार बसणार होता. डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिले, त्याचा आशय असा: बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल.

३/ स्पर्धकाचा माल महाग करणे हा झाला एक उपाय. तो राजसत्तेच्या हाती असतो. ज्याच्याकडे जकातनाका नाही, त्याला आपलाच भाव उतरवावा लागतो. हा दुसरा उपाय २०११ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने केला.

४/ हातात धरून खेळायचे ‘थ्रीडीएस’ हे यंत्र फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५,००० येनला विक्रीस आले. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात जेमतेम ७.१ लाख यंत्रे खपली. जूनमध्ये सोनीने आपल्या ‘व्हीटा’ची किंमत जाहीर केली, ती जवळजवळ तेवढीच होती. शिवाय खिशातल्या स्मार्टफोनवर खेळ अत्यल्प दरात, कित्येकदा फुकट मिळत होते.

५/ मीठ एकट्याने उपयोगी पडते. असे यंत्र पडत नाही. खेळ असतील तर लोक यंत्र घेतात आणि लोकांनी यंत्र घेतले तरच निर्माते त्यासाठी खेळ रचतात. हे चक्र आरंभीच थांबले, तर पुढे किंमत उतरवूनही फारसे साधत नाही. म्हणून अशी कपात लवकर करावी लागते.

६/ ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येनवर आली. सहा महिन्यांत ४० टक्के घट. आधीच्या ग्राहकांना २० जुने खेळ मोफत देण्यात आले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. मार्च २०१२ अखेरच्या वर्षात, महागलेल्या येनचाही भार पडून, कंपनीला ४,३२० कोटी येनचा तोटा झाला. पण चक्र फिरले. थ्रीडीएसची एकूण विक्री साडेसात कोटींवर गेली. व्हीटाची जपानमधील किंमत फेब्रुवारी २०१३ मध्ये उतरली, बाजारात आल्यावर चौदा महिन्यांनी. तो थ्रीडीएसच्या फार मागे राहिला.

७/ दोन्ही प्रसंगी भाव ठरला तो प्रतिस्पर्ध्याकडे पाहून. फरक आहे तो किंमत कोणी मोजली याचा. जकातीचा भार बारदेशचे मीठ घेणाऱ्यावर पडला. कपातीचा भार कंपनीने उचलला, आणि काही अंशी त्यांनी, ज्यांनी विश्वासाने पहिल्याच दिवशी पूर्ण दाम मोजले होते.