लोभ असावा ही विनंति : नाना, महादजी आणि उतारवयातील पत्रे

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील दोन धुरीण, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, १८०० च्या निवडणुकीनंतर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. बेंजामिन रश या जुन्या स्नेह्याने वर्षानुवर्षे दोघांची मने वळविली आणि १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्सने पहिले पत्र धाडले. त्यात त्याने घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवीत असल्याची थट्टा केली होती. वस्तुतः ती त्याच्या मुलाची व्याख्याने होती. पुस्तके पोहोचण्यापूर्वीच पत्र मिळाल्याने जेफरसनने उत्तरात मनापासून आपल्याकडील विणकामाची माहिती दिली. या गमतीदार गैरसमजातून सुरू झालेला पत्रव्यवहार चौदा वर्षे चालला आणि दीडशेहून अधिक पत्रांनंतर ४ जुलै १८२६ रोजी दोघांच्याही मृत्यूने थांबला. एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्यावाचून आपण मरता कामा नये, अशा आशयाचे अ‍ॅडम्सने १८१३ मध्ये लिहिले होते. ते वाचताना आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो : असे पत्र मराठीत का नाही?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. जेफरसन १७४३ चा, तर नाना फडणवीस १७४२ चे. त्याच काळात मराठी राज्याचा भार नाना आणि महादजी शिंदे या दोन असामान्य पुरुषांवर होता. तेही आरंभी सहकारी आणि पुढे प्रतिस्पर्धी होते. कागदाची तर आपल्याकडे मुळीच वाण नव्हती. मेणवलीचे दप्तर, वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रसिद्ध केलेला ऐतिहासिक लेखसंग्रह, पारसनीसांचा इतिहाससंग्रह, सरदेसायांनी संपादिलेली ग्वाल्हेरची कागदपत्रे, असा हा ढीग छातीवर दडपण आणणारा आहे.

हा इतिहास आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलखाला परका नाही. पोशीरहून पूर्वेस पाहिले की सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर आहे. त्या देवळाचे शिखर नानांनी बांधविले. दक्षिणेस बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस महादेवाचे देऊळ आणि विस्तीर्ण तलाव आहे, तोही नानांचाच. याच घाटाने १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन इंग्रजी फौज वर चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास तिला मान तुकवावी लागली. त्या मोहिमेत नाना आणि महादजी एकदिलाने उभे होते. त्यांच्या सख्याचा हा कळस म्हणावा लागेल.

पुढे मात्र अंतर वाढत गेले. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. नानांनी त्यास मान्यता देण्यास वर्षअखेर उजाडविली. १७८४ मध्ये महादजी बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. उत्तरेतील पैका, फौज आणि हिशेब यांवरून पुणे आणि शिंद्यांची छावणी यांच्यात तक्रारींचे कागद जाऊ-येऊ लागले. १७८८ नंतर साह्यास म्हणून आलेले तुकोजी होळकर आणि अलीबहादर यांच्यामुळे तेढ उलट वाढली.

आता या कागदांकडे साहित्याचे विद्यार्थी म्हणून पाहू. पेशवाईतील पत्र हे एका माणसाने दुसऱ्यास लिहिलेले क्वचितच असते. मजकूर सांगणारा एक, मोडीत उतरविणारा कारकून दुसरा, पोहोचविणारा जासूद तिसरा आणि दरबारात वाचून दाखविणारा वकील चौथा. मायन्यातील दंडवत, आशीर्वाद, नमस्कार हे शब्द जात, वय आणि पद यांची पायरी नेमकी सांगत. मग क्षेमकुशल, मग मजकूर आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंति’. इतक्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कागदावर मन मोकळे करणे म्हणजे आपले वर्म चारचौघांत मांडणे होते. अ‍ॅडम्स-जेफरसन यांच्यामधला रश पत्र लिहावयास प्रवृत्त करून बाजूला झाला; आपल्याकडील मध्यस्थ पत्राच्या आतच बसलेला होता.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ते दोघे अमेरिकी पुरुष सत्तेवरून उतरले होते. हरण्या-जिंकण्यासारखे काही उरले नव्हते. आपल्या या दोघांना सत्तेनंतरचे आयुष्य लाभलेच नाही. १७९६ साली नाना महाडास जाऊन राहिले तेव्हा त्यांचे वय चौपन्न होते. पुण्यापासून दूर, कोकणात बसून त्यांनी निजाम, शिंदे, होळकर अशा अनेकांशी गुप्त पत्रव्यवहार केला आणि त्याच वर्षी ते पुन्हा कारभारावर आले. उतारवयातील पत्राचे हे मराठी रूप : समजून घेतले जाण्यासाठी नव्हे, तगून राहण्यासाठी लिहिलेले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना कैद केले. मार्च १८०० मध्ये ते वारले, ते कारभारातच.

आणि महादजींचे काय? जून १७९२ मध्ये सुमारे बारा वर्षांनी ते पुण्यास आले. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस त्यांचा अंत झाला. मधले वीस महिने दोघेही एकाच शहरात होते. एकमेकांस समजावून सांगण्याचा काळ असेल तर तो हाच. पण एका गावात राहणारी माणसे भेटतात, भांडतात, निरोप धाडतात, सविस्तर पत्रे लिहीत नाहीत. म्हणून नेमका येथेच आपला आधार बदलतो. या दिवसांसाठी आपणांस वकिलांची वृत्ते वाचावी लागतात, आणि पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याचे अहवाल. आपल्या दोन थोर पुरुषांमध्ये काय बिनसले आणि काय सांधले, याचा साक्षीदार तिसराच होता. आणि त्या दोघांचे राज्य पुढे ज्यांच्या हाती जायचे होते त्यांचा तो नोकर होता. मनातले परस्परांना न लिहिल्याची ही किंमत आम्हांस मोठी वाटते.

नानांना अंतर्मुख होऊन लिहिता येत नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांच्या आत्मचरित्राचा जो त्रुटित भाग उपलब्ध आहे, तो पानिपताच्या सुमारास संपतो. तारुण्यातील वासना, देवभक्ती, रणांगणावरून जीव वाचवून केलेले पलायन, हे सारे त्यात विलक्षण निर्भीडपणे आले आहे. महादजींनीही भक्तिपर पदे रचली. म्हणजे मोकळे होण्याची भाषा दोघांपाशी होती. पण एकाने ती स्वतःपुढे मांडली, दुसऱ्याने देवापुढे. एकमेकांपुढे मांडण्यासाठी लागणारा साहित्यप्रकार त्यांच्या हाती नव्हता.

म्हणून हे कागद शिकविताना केवळ तारखा आणि घटना उपसण्यावर थांबू नये, असे आम्ही सुचवितो. ‘लोभ असावा’ हे शब्द खरे की खोटे, हा प्रश्नही फारसा फलदायी नाही. ठराविक शब्दांचे काम नाते टिकविण्याचे असते. पाहावयाचे ते हे की ठरलेला मायना कुठे आखडला, उत्तरास किती दिवस लागले, थेट न लिहिता तिसऱ्याकरवी काय कळविले. या पत्रांत राग आणि माया यांना राहण्यास एवढीच जागा होती. ती जागा ओळखता आली, तर नाना आणि महादजी यांचे भांडण बखरींच्या आणि ऐकीव गोष्टींच्या तावडीतून थोडे तरी सुटेल.