रक्ताऐवजी तोंडातला ओलावा

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात, आणि दौंड तर भीमेच्याच काठावर. नदीकाठच्या गावात कावीळ झाली की पहिला प्रश्न येतो, ‘माळ घातली का?’ बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते, म्हणून माळेची पत टिकली. गरोदर बाईचं मात्र तसं नाही. हेपटायटिस ई शेवटच्या महिन्यांत झाला, तर पाचातली एक दगावल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून कावीळ ए की ई, हे कळायला हवं. डोळे पिवळे दोन्हींत होतात.

हा ‘ई’ सापडला कसा? १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती ‘ए’ धरली. रुग्णांचं सिरम मात्र कोणीतरी जपून ठेवलं होतं. १९८० साली अमेरिकेतले वाँग आणि पर्सेल, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले श्रीनिवासन, प्रसाद आणि खोर्शेद पावरी यांनी ते तपासलं. ते ‘ए’ नव्हतं, ‘बी’ही नव्हतं! पंचवीस वर्षांपूर्वीच्या रक्तानं साक्ष दिली.

पण रक्त मिळवायचं कसं? शाळेत सुई दिसली की पोरं पळतात. साथीत घरोघरी फिरून शिरेतून रक्त काढायचं, ते थंड ठेवून पुण्याला न्यायचं, हे सोपं नाही. १९८७ साली लंडनच्या पॅरी आणि मॉर्टिमर यांनी दाखवलं की हेपटायटिसच्या प्रतिपिंडांची तपासणी लाळेतूनही होते. लाळ म्हणजे नुसती थुंकी नव्हे हं. हिरड्यांच्या कडेनं रक्तातला द्रव झिरपतो, तो हवा. स्पंजची काडी हिरडीवर फिरवायची, झालं. त्यात प्रतिपिंडं सिरमपेक्षा शेकडो पटींनी कमी, म्हणून चाचणी तितकीच तीक्ष्ण लागते. नव्या संसर्गात आयजीएम भरपूर असतं, तिथं ही पद्धत चालते. साथीचा माग काढायला, कोणत्या विहिरीवरची घरं आजारी आहेत हे पाहायला, ती मला फार पटते.

माझी अडचण वेगळी आहे. काडीवरचा तो थोडासा द्रव चाचणीतच संपतो. दिल्लीसारखं पंचवीस वर्षांनी परत तपासायला काय उरणार? म्हणून शंभर जणांच्या काड्या घ्याव्यात, पण दहा जणांचं रक्तही घेऊन, नाव-गाव लिहून, फ्रीजरमध्ये ठेवावं.