रिकामी गादी आणि स्पॅनिश अमेरिका

पिळवणूक वाढली की वसाहतीतली माणसं उठतात, असं आपण सहज धरून चालतो. पण मग स्पेनची अमेरिकेतली सत्ता तीनशे वर्षं टिकली आणि नेमकी १८१० मध्येच का हादरली?

उत्तरासाठी आपल्याला आधी युरोपात जावं लागतं. १८०८ मध्ये नेपोलियननं राजा सातवा फर्डिनांड याला गादी सोडायला लावली आणि तिथं आपला भाऊ जोसेफ याला बसवलं. वसाहतींचा कारभार चालायचा राजाच्या नावानं. राजाच कैदेत, मग हुकूम मानायचा कोणाचा? एप्रिल १८१० मध्ये काराकासला, मे महिन्यात ब्युनोस आयर्सला स्थानिक पुढाऱ्यांनी स्पॅनिश अधिकाऱ्यांना हटवून स्वतःची मंडळं नेमली. आणि गंमत बघा, हे सगळं फर्डिनांडच्याच नावानं! त्याची ठेव आम्ही सांभाळतो आहोत, एवढाच दावा. पण हाती आलेला कारभार परत कोण देतो? व्हेनेझुएलानं पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य जाहीर केलं.

१८१४ मध्ये फर्डिनांड परतला. त्यानं १८१२ ची उदारमतवादी राज्यघटना रद्द केली, वसाहतींवर फौजा धाडल्या. १८२० मध्ये अमेरिकेला जाण्यासाठी जमवलेलं सैन्यच रिएगोच्या नेतृत्वाखाली उलटलं आणि राजाला ती घटना पुन्हा स्वीकारावी लागली. तिची धास्ती घेऊन मेक्सिकोतल्या सनातनी मंडळींनीही १८२१ मध्ये स्पेनशी नातं तोडलं.

म्हणजे असंतोष जुनाच होता. त्याला वाट मिळाली ती माद्रिदच्या गोंधळामुळे. मात्र त्या वाटेनं सत्तेपर्यंत पोचले ते मुख्यतः अमेरिकेत जन्मलेले गोरे. गुलाम आणि मूळ रहिवासी यांचा प्रश्न तसाच मागे राहिला, हे आपण विसरू नये.