तळटीप : चौदा दिवसांची मर्यादा

लेखकाने या प्रकरणात भ्रूणसंशोधनाचा वाद ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ असा रंगवला आहे. पुराव्याशी ते जुळत नाही. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ साली भ्रूणावरील संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, कारण त्या सुमारास शरीराचा अक्ष ठरवणारी आदिरेषा उमटते. १९९०च्या कायद्याने ती मर्यादा स्वीकारली. त्या कायद्यावरील चर्चेत उमराव सभागृहात संशोधनाची बाजू घेणाऱ्यांत यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगूड होते (मुळात ते शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक, हे ध्यानात घ्यावे). उलट व्हॅटिकनने १९८७ मध्ये भ्रूणाला फलनाच्या क्षणापासून व्यक्तीसारखा मान द्यावा, असे बजावले होते. तर ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद चाळीस दिवसांपर्यंतच्या गर्भाला निव्वळ पाणी मानते. म्हणजे ‘धर्माची भूमिका’ अशी एक नाहीच.

जे श्रद्धा मानत नाहीत त्यांच्यावर तिचे बंधन कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु आदिरेषा कधी उमटते एवढेच सूक्ष्मदर्शक दाखवतो. तिथपासून भ्रूणाला संरक्षण द्यावे का, हे तो सांगत नाही. ते मूल्य निधर्मी माणसालाही कुठून तरी आणावेच लागते. तेव्हा श्रद्धावंताचा युक्तिवाद उगमावरून नव्हे, त्याने दिलेल्या कारणांवरून तपासावा; लेखकाने या प्रकरणात तो तपासलेला नाही.