बल्लारशा म्हणावे की बल्हारशाह?

चंद्रपूरपासून पंधराएक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठी एक गाव आहे. नगरपालिकेच्या पाटीवर ते बल्लारपूर आहे, रेल्वे स्थानकाच्या पाटीवर बल्हारशाह. आजूबाजूच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, ‘बल्लारशाला उतरा.’ दिल्ली–चेन्नई मार्गावरचा उत्तर भारतीय प्रवासी पाटीवरचा ‘ह’ प्रामाणिकपणे उच्चारतो आणि स्थानिक माणूस गालात हसतो. बरोबर कोण, हे ठरवायचे तर या नावाचे कूळ शोधायला हवे.

नावाचे दोन तुकडे आहेत आणि ते दोन वेगळ्या घरांतून आलेले आहेत. पहिला तुकडा बल्लाळ. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजघराण्यात हे नाव पिढ्यानपिढ्या चालत होते. घराण्याचा मूळ पुरुष म्हणून परंपरा भीम बल्लाळसिंहाचे नाव सांगते. त्याची राजधानी सिरपूरला होती. पुढे ती वर्धेच्या काठी आली आणि बल्लाळांचे पूर ते बल्लाळपूर झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही या गावाचे नाव ‘बल्लालपूर’ असेच छापलेले आहे. तिथे ‘ह’ नाही आणि शेवटी ‘शाह’ही नाही.

दुसरा तुकडा, शाह, फारसी आहे. तो गोंडांच्या नावात कसा शिरला याची एक कथा आहे. मेजर लूसी स्मिथ यांनी 1869 च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात गोंड राजांच्या परंपरा टिपून ठेवल्या. त्यांनुसार सुर्जा बल्लाळसिंह उत्तरेत गेला, दिल्लीच्या बादशहासाठी त्याने एक किल्ला जिंकून दिला आणि बदल्यात त्याला ‘शेरशाह’ हा किताब मिळाला. कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीवर किती टिकेल हा प्रश्न वेगळा; पण या घराण्याच्या वंशावळीत आधी ‘सिंह’ आणि नंतर ‘शाह’ येतो, एवढे खरे. सुर्जाचा मुलगा खांडक्या बल्लाळशाह. त्याच्या अंगावरच्या गाठी झरपट नदीच्या पाण्याने गेल्या आणि तिथे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, ही कथा चंद्रपुरात आजही सांगतात. चंद्रपूर शहर वसवण्याचे श्रेय परंपरा त्यालाच देते. 1751 मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी शेवटचा राजा नीलकंठशाह याला पदच्युत केले. राज्य गेले, पण ‘बल्लाळशाह’ हे राजाचे नाव वर्धेकाठच्या गावाला चिकटून राहिले.

आता बल्लाळचे बल्लार कसे झाले? याचे उत्तर झाडीच्या मुलखातच सापडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या झाडीबोलीत ‘ळ’ला फारसा थारा नाही. वऱ्हाडात डोळ्याचा ‘डोया’ होतो, तर झाडीत ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास आयुष्यभर केला, म्हणून अशा खुणा आज आपल्यासमोर नीट मांडलेल्या आहेत. डोळ्याचा डोरा करणाऱ्या तोंडाने बल्लाळचा बल्लार केला, असे मानायला चांगली जागा आहे. याच बोलीत ‘श’चा ‘स’ होतो. त्यामुळे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ‘बल्लारसा’ ऐकू आले तर तो अडाणीपणा समजू नये. तोही बोलीच्या नियमानेच चाललेला असतो.

राहिला ‘शाह’मधला शेवटचा ‘ह’. फारसी शब्दांच्या शेवटी असलेला हा ‘ह’ मराठीला सहसा पेलत नाही. मराठी त्याला बहुधा एकतर पुढे ओढते, नाहीतर सोडून देते. गुनाहचा गुन्हा झाला, शाहचा शहा झाला. सलाहचा सल्ला झाला, दरगाहचा दर्गा झाला. बुद्धिबळात आपण राजाला जो ‘शह’ देतो, तोही मुळात हाच शाह; तिथे मात्र ‘ह’ टिकला. पण असे अपवाद सोडले तर बल्लारशाहचा बल्लारशा होणे हे मराठीच्या नेहमीच्या चालीला धरूनच आहे.

मग ‘बल्हार’मधला ‘ह’ कोणाचा? राजाच्या नावात तो नाही, झाडीबोलीत नाही, फारसीतही नाही. तो आहे फक्त रेल्वेच्या कागदात. काझीपेठकडचा लोहमार्ग 1929 च्या सुमारास या गावाला येऊन मिळाला आणि दिल्ली ते मद्रास ही सरळ वाट खुली झाली. गाव मोठे जंक्शन झाले. आज मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. गोंदियाहून येणारा तिसरा मार्गही इथेच मिळतो. त्यामुळे रेल्वेने लिहिलेले नाव देशभर गेले. गंमत म्हणजे स्थानकाचे सांकेतिक अक्षरनाम आहे ‘बीपीक्यू’. त्यातल्या ‘बीपी’कडे पाहिले की बल्हारशाह नव्हे, बल्लारपूरच आठवते.

व्यापाराने नावांची वाटणी स्वतःच करून टाकली. 1945 साली स्थापन झालेल्या कागद कंपनीने बल्लारपूर हे नाव घेतले. लाकडाच्या बाजारात मात्र ‘बल्लारशा साग’ चालतो. आलापल्लीसारख्या गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान इथल्या आगारातून देशभर जाते आणि वखारवाला ‘बल्लारशा’च म्हणतो, ‘बल्हारशाह’ नाही.

गाव आणि स्थानक यांची ही फारकत या भागात नवीन नाही. गडचिरोली जिल्ह्यात नगरपालिका देसाईगंज, पण स्थानक वडसा. चांद्याचे चंद्रपूर 1964 मध्ये झाले, तरी एका स्थानकाचे नाव चांदा फोर्टच राहिले आणि चंद्रपूर स्थानकाचे अक्षरनाम आजही ‘सीडी’ आहे. एकदा छापलेले नाव रेल्वे सहसा सोडत नाही.

परक्या तुकड्यांच्या नावांवरून जगभर वाद होतात. संगणकी खेळातल्या इटालियन नावाच्या मारिओला अमेरिकेत कितीतरी लोक ‘मॅरिओ’ म्हणतात. तिथे निदान खेळातले पात्र स्वतःच्या तोंडाने आपले नाव सांगते. गावाला असे तोंड नसते; त्याच्या वतीने तिथे राहणारी माणसे बोलतात. म्हणून उच्चाराचा निवाडा करताना मूळ भाषेचा कोश दुय्यम आणि पाटी त्याहून दुय्यम. फारसीचा आग्रह धरला तर ‘शाह’ शुद्ध ठरेल, वंशावळीचा धरला तर ‘बल्लाळ’ शुद्ध ठरेल. पण ‘बल्हार’ कोणत्याच हिशेबाने शुद्ध ठरत नाही.

2018 मध्ये रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशा आणि चंद्रपूर या जोडीला देशात पहिला क्रमांक मिळाला. भिंतींवर ताडोबाचे वाघ रंगवले गेले, पाटीवरचा ‘ह’ मात्र तसाच राहिला. रेल्वेने तो काढावा. मराठी पाटीवर तरी ‘बल्लारशा’ लिहावे. तोवर तिकीट काढताना संगणकात ‘बल्हारशाह’ शोधा आणि डब्यात कोणी विचारले तर ‘बल्लारशा’ सांगा.