घाडगे, यशवंत

(१६ नोव्हेंबर १९२१–१० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्यांचा जन्म कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. नाईक हे पद सनदी अधिकाऱ्याचे नव्हे. तथापि प्रत्यक्ष चकमकीत लहान तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडेच असते.

जून १९४४ मध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आल्यावर जर्मन सेना उत्तरेकडे क्रमाक्रमाने माघार घेऊ लागली. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ मुलूख तिला प्रतिकारास सोयीचा होता. येथे लढणाऱ्या १० व्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. १० जुलै रोजी पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली. मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्व जवान ठार वा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन निकामी केली व एका शत्रुसैनिकास टॉमीगनने टिपले. काडतुसे भरण्यास उसंत नसल्याने त्यांनी बंदुकीची नळी धरून दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना ठार केले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून जिंकलेल्या ठाण्यातच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

ह्या स्मृतीस जिल्ह्याच्या इतिहासात आणखी एक संदर्भ आहे. चिरनेर (तत्कालीन पनवेल, सध्या उरण तालुका) येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहाच्या वेळी झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. घाडगे तेव्हा आठ वर्षांचे होते. पुढे ज्या सैन्यात ते लढले, ते त्याच राजसत्तेचे होते. १९३९ मध्ये भारतीय नेत्यांची संमती न घेताच व्हाइसरॉयने देश युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले होते; तरीही युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. तुटपुंजी शेती, घराण्याची शिपाईगिरी आणि पलटणीची प्रतिष्ठा ही सैन्यभरतीमागील परिचित कारणे होत. चिरनेरच्या हुतात्म्यांना स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सहज स्थान मिळाले. परदेशी पडलेल्या शिपायांची आठवण मात्र बव्हंशी पलटणीच्या इतिहासात व घराघरांत राहिली. राजसत्तेचा निवाडा व शिपायाच्या शौर्याचे मोल ह्या दोन भिन्न बाबी आहेत, हे ध्यानी घेतल्यास दोन्ही स्मृतींना एकाच जिल्ह्याच्या इतिहासात जागा देता येते.

इटलीतील मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. घाडगे यांचे नाव कॅसीनो येथील युद्धस्मारकावर कोरलेले आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील माँतोने येथे त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारकाचे उद्‌घाटन झाले. सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, ह्या आशयाचे लॅटिन वचन त्याचे बोधवाक्य आहे.