आरसी बग्गी वळणावर का घसरते? उत्तर आहे तेलात आणि स्प्रिंगमध्ये

रिमोटवर धावणाऱ्या १/८ आकाराच्या ऑफ-रोड रेसिंग बग्गीत तीन डिफरन्शियल असतात: पुढे, मध्ये आणि मागे. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. हा फरक डिफरन्शियल सांभाळतो. त्यात सिलिकॉन तेल भरतात. तेल जितकं घट्ट, तितकी चाकं एकमेकांशी जखडलेली.

पुढे ७०००, मध्ये ७०००, मागे ३००० सीएसटी ही सुरुवातीची एक नेहमीची जोडणी. मधलं तेल फार पातळ असेल, तर वेग घेताना वजन मागे जातं, हलकी झालेली पुढची चाकं नुसती गरगरतात आणि ताकद वाया जाते. मागचं तेल पातळ केलं की बग्गी वळणात सहज शिरते.

सस्पेन्शनचं साधं सूत्र: खडबडीत ट्रॅकला मऊ स्प्रिंग, चांगली पकड असलेल्या ट्रॅकला कडक. पकड भरपूर आणि स्प्रिंग मऊ असेल, तर बग्गी वळणावर कलून उलटू शकते. उष्णतेने शॉकमधलं तेल पातळ होतं, म्हणून उन्हाळ्यात जरा घट्ट तेल घालतात.

सगळ्यात महत्त्वाचं: एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले, तर शर्यत कशामुळे हातची गेली हेच कळत नाही.